एकतीस म्हणजे पस्तीस

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. खुब्याचं हाड नीट जुळलं, काठी आता फक्त जिन्यापुरती लागते आणि ताईकडे रोज गच्चीपर्यंत चालत जाता, हे वाचून बरं वाटलं. (ताईने फोनवर जरा वेगळं सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे काठी ती समोर असेपर्यंतच तुमच्या हातात असते आणि ती वळली की कोपऱ्यात. दोन मापांत तफावत आली की मी सरासरी काढते, त्यामुळे दिवसातला अर्धा वेळ तरी तुम्ही काठी वापरता असं धरून चालले आहे.) माझी तब्येत उत्तम. घर उत्तम. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला, तो मी दुरुस्त केला. तुमच्या माशांच्या टाकीबद्दल सविस्तर लिहायचं आहे, म्हणून हे पत्र.

तुम्ही लिहिलंत, की आता परत येऊन तरी काय करायचं. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांना त्यांच्या बाहेरच्या खोलीत ठेवायला टाकी हवीच आहे. महिनाअखेरीस ते बघायला येतील, कोरल धडधाकट असतील तर देऊन टाक आणि तूही मोकळी हो. टाकी तुमची आहे, घर तुमचं आहे, तेव्हा निर्णयही तुमचाच. माझं मत विचारलेलं नाही, म्हणून देत नाही. फक्त 'कोरल धडधाकट असतील तर' ही जी अट आहे, तिच्याबद्दलची वस्तुस्थिती तुमच्यापुढे असायला हवी. गेले आठ महिने दर रविवारी फोनवर मी 'सगळं ठीक आहे' असं सांगत आले. ते अगदी खोटं नव्हतं. पण आमच्या प्रयोगशाळेत कोणी असं विधान घेऊन आलं असतं, तर मी त्याला प्रमाणपत्र दिलं नसतं.

सुरुवात तुमच्यापासूनच करावी लागेल, कारण दोष वाटून घ्यायचा तर तो मुळापासून वाटावा. शाळेच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा टाकी नुकतीच आली होती. ते तीन पायांचं स्टूल (तुम्ही ज्याच्यावरून पडलात तेच, ते मी माळ्यावर टाकलं आहे आणि माळ्याची शिडी शेजाऱ्यांकडे ठेवली आहे) तुम्ही मला टाकीसमोर मांडून द्यायचात आणि हुकूम सोडायचात, "हात मागे, डोळे पुढे." मी तासन्‌तास तशी बसायचे. पंपाची घरघर, पाण्याचा तो किंचित लोखंडी वास आणि काचेवर नाक टेकल्यामुळे उठलेला वाफेचा गोल डाग. लिफ्ट दुरुस्त करून घरी आलात की तुम्ही ग्रीसचे हात तीनदा धुवायचात आणि मग खिशातून ती खारटपणा मोजायची दुर्बीण काढायचात. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब, मग ती खिडकीकडे धरून एक डोळा मिटायचा, मग आकडा वहीत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी त्या घरात शिकले. मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "यांना घरातल्या माणसांचा ताप कळत नाही, पाण्याचा बरा कळतो!" तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. तुम्ही दोघं एकमेकांना फारशी उत्तरं देत नसा, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. भांडण आहे असं मात्र कधी वाटलं नाही.

सांगायचा मुद्दा, आज मी लोकांचे वजनकाटे आणि तापमापक तपासून 'हे खरं बोलतं' किंवा 'हे खोटं बोलतं' असा शिक्का मारते, त्याचं कारण ते स्टूल आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्यात तुमचा थोडा तरी हात आहेच.

तुम्ही ताईकडे गेलात त्याच्या पहिल्याच रविवारी मी दुर्बीण तपासली. कोणी सांगितलं नव्हतं. पण अनोळखी घरात गेल्यावर लोक जसं आधी पंखा कुठे आहे ते बघतात, तसं मी कुठलंही मोजायचं यंत्र हातात आलं की आधी ते खरं आहे का ते बघते. प्रयोगशाळेतून खात्रीचं मिठाचं द्रावण आणलं, थेंब टाकला, आणि पाहते तो काय, तुमची दुर्बीण तब्बल चार अंशांनी कमी दाखवत होती! मला तुमच्यासाठी वाईट वाटलं. (हे मी प्रामाणिकपणे लिहिते. एवढी वर्षं बिचारे मामा चुकीच्या दुर्बिणीतून बघत होते, असं मला वाटलं.) रबरी टोपीखालचा तो बारीक स्क्रू फिरवून मी ती बिनचूक केली. मग टाकीचं पाणी मोजलं. पस्तीस. मग तुमची वही उघडली. वहीत पानोपानी एकच आकडा, एकतीस, आणि पहिल्या पानावर लाल पेनाने, दोनदा अधोरेखित: "एकतीस. याच्या वर जाऊ द्यायचं नाही."

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र तीन महिने आलं नाही. मी मोजमापशास्त्रात पदविका घेतलेली बाई आहे आणि मी एका आठवड्यात तुमच्या टाकीचं पाणी पस्तिसाचं एकतीस केलं, गोडं पाणी घालून घालून, अतिशय काळजीपूर्वक, दशांशापर्यंत.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण मला घर स्वच्छ दिसू लागलं की आणखी अस्वच्छ काय आहे ते दिसू लागतं. टाकीवरच्या दिव्याच्या काचेवर मिठाचा आणि धुळीचा जाड थर बसला होता, कारण शेवटची दोन वर्षं तुम्हाला स्टुलावर चढवत नव्हतं, आणि चढलात त्या दिवशी पडलात. तो मी पुसून लख्ख केला. (पुसण्याआधी आणि नंतर प्रकाश मोजला. जवळजवळ दीडपट झाला. तेव्हा याचा मला अभिमान वाटला होता.) मग खाणं. वहीत लिहिलं होतं, 'सकाळी दोन चिमटी.' चिमूट हे माप नव्हे. मी माझ्याच बोटांनी वीस चिमटी घेऊन प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलल्या आणि सगळ्यात मोठी चिमूट सगळ्यात लहान चिमटीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. हा कारभार बंद करून मी रोजचं नेमकं वजन ठरवलं आणि पुड्या बांधल्या. तुमच्या साहेबांना (ताई हे पत्र वाचेल, तिच्यासाठी: केशरी, पट्ट्यापट्ट्यांचा मासा, काम शून्य, रुबाब भरपूर) ते अजिबात मान्य झालं नाही. पुडी संपली की ते काचेजवळ येऊन माझ्याकडे असं बघत, की मी त्यांची बढती अडवली आहे.

शिवाय मी एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. तुम्ही सकाळी दोन चिमटी टाकायचात, हे खरं. पण तुमची पाठ वळली की मामी येऊन आणखी दोन टाकायच्या. "हे विसरले असतील," असं त्या मला डोळा मिचकावून सांगायच्या. मी स्टुलावर बसून ते रोज बघत होते, तरी वहीत नाही म्हणून मोजलं नाही. मामी गेल्यावर तुम्ही त्यांच्या दोन चिमटी टाकू लागलात का? माझ्या अंदाजाप्रमाणे टाकू लागलात. वहीत मात्र दोनच.

तर अशा रीतीने पाणी फिकं, ऊन प्रखर आणि जेवण निम्मं. टाकी अशी चकाचक झाली की पाहुण्यांनी जपून बसावं. आणि एका सकाळी हातमोजा उघडला नाही.

हातमोजा म्हणजे मामींनी नाव ठेवलेलं ते कोरल, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी दिवा लागला की त्या दगडी नळ्यांतून फुगीर हिरवी बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर हलायची. मामी भाजी चिरता चिरता त्याच्याकडे बघून "आलात? या," म्हणायच्या. (टाकी त्यांना आवडत नाही असं त्यांनी मला निदान शंभर वेळा सांगितलं आहे.) नऊ नळ्या होत्या. त्या दिवशी एकीतूनही बोट बाहेर आलं नाही. आठवडाभरात हिरवा रंग उडून ती दुधासारखी पांढरी पडली. मग एका नळीचं मांस सुटून नुसता दगड उरला, मग दुसरीचं, मग आणखी तिघींचं. बाजूची बटणंही (बटणाएवढं तोंड असलेली ती छोटी कोरलं) मिटून बसली.

आणि या सगळ्या काळात आपलं रविवारचं संभाषण असं चालायचं. तुम्ही विचारायचात, "दुर्बिणीत किती?" मी म्हणायचे, "एकतीस." तुम्ही म्हणायचात, "मग काही काळजी नाही." आणि आपण दोघं निश्चिंत होऊन फोन ठेवायचो. दोन माणसांनी इतक्या अचूकपणे एकमेकांची दिशाभूल केल्याचं दुसरं उदाहरण मला माझ्या कामात आढळलेलं नाही.

शेवटी बाटलीत पाणी घेऊन तुमच्या प्रोफेसरांकडे गेले. (कोपऱ्यावरचे टाकीसामानाचे दुकानदार. शाळेत किती शिकले माहीत नाही, पण व्याख्यान दिल्याशिवाय मिठाची पिशवी हातात देत नाहीत, म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव.) त्यांनी माझ्या बाटलीतलं पाणी एक एक करून सगळ्या काचेच्या परीक्षानळ्यांत घातलं, रंग बघितले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही कोरल पाळताय की पाणी?"

मी म्हटलं, पाण्यात काही दोष आहे का?

"दोष? छे! इतकं निर्मळ आहे की आत कोणी राहूच नये. अहो, नायट्रेट शून्य. खाणार काय ती? आणि खारटपणा एकतीस? नदी आणून सोडलीत की काय घरात?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली नाही. नुसती बघून हसले. "मामांची दुर्बीण चार कमी दाखवते. ही आख्ख्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. दर महिन्याला इथे पाणी तपासून घ्यायचे, पस्तीसच्या पस्तीस. मी म्हटलंही, अहो, स्क्रू आहे, एक वेढा द्या. तर म्हणाले, राहू दे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही फिरवलात ना? मला वाटलंच. शिकलेल्या माणसाला स्क्रू दिसला की राहवत नाही."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि त्या दोघांनी मान हलवली.

त्यानंतरचे पाच महिने मी प्रोफेसरांची विद्यार्थिनी आहे. त्यांची शिकवण मी इथे थोडक्यात देते, तुम्हाला ती माहीत असली तरी, म्हणजे मला ती आली आहे हे तुम्हाला कळेल. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं. त्याच्या अंगात जे बारीक शेवाळ राहतं आणि त्याला खाऊ घालतं, ते घर सोडून गेलेलं असतं. ते परत येतं, पण घाई केली की येत नाही. म्हणून खारटपणा एका दिवसात अर्ध्या अंशाहून जास्त वाढवायचा नाही. (मी पाव ठेवला.) दिव्याखाली जाळीचे थर धरायचे आणि दहा दहा दिवसांनी एक एक काढायचा. साहेबांना पोटभर वाढायचं, म्हणजे पाण्याला थोडा माणसांचा वास लागतो. हे प्रोफेसरांचे शब्द. आणि रोज सकाळी पंप मिनिटभर बंद करून प्रत्येक जिवंत नळीला ड्रॉपरने बारीक कोळंबी भरवायची. फुगलेली नसताना ती खात नाहीत, तेव्हा थांबायचं, चमचा घेऊन मागे धावायचं नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं. पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी ड्रॉपर धरून उभी होते आणि रोज कोळंबी तशीच खाली पडत होती. ती साहेब खात. त्या काळात त्यांचं वजन निश्चितच वाढलं, पण ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

चोविसाव्या दिवशी एका नळीतून एक बोट आलं. अर्धं, पांढरं, टोकाला जेमतेम हिरवट. मी ड्रॉपर पुढे केला आणि त्याने कोळंबी धरली. त्या दिवशी मी कामावर चाळीस मिनिटं उशिरा पोचले. कारण विचारल्यावर 'घरगुती' असं लिहून दिलं.

आजची स्थिती: नऊपैकी पाच नळ्या गेल्या, त्या दगड म्हणून उरल्या आहेत. चार जिवंत आहेत, चारही हिरव्या. त्यातल्या एकीच्या बुडाशी दोन नवी तोंडं फुटली आहेत, मोहरीएवढी. बटणं उघडली, काही वाढलीही. खारटपणा पस्तीस. खाणं चार चिमटी, बोटांनी. दिव्याची काच मी पुन्हा पुसलेली नाही. ही सगळी हकीकत तुम्हाला आधीच सांगायला हवी होती, पण तुम्हाला पडल्या पडल्या काळजी नको, हे कारण मी स्वतःला देत होते. ते कारण चार अंशांनी कमी होतं.

ताईला नमस्कार. तिच्या मुलीला सांगा, गच्चीवरचे चिमण्यांचे आकडे तिने पाठवले ते मिळाले. एकच चिमणी दोनदा मोजली गेली नाही ना, ते तपासून कळव म्हणावं. काठी वापरा.

तुमची भाची

ता. क. दंतवैद्य महिनाअखेरीची वाट न बघता गुरुवारीच येऊन गेले. टाकीसमोर उभे राहून म्हणाले, "छान आहे, पण हे दगड जरा मेल्यासारखे वाटतात. काढून प्लास्टिकचे रंगीत बसवता येतील ना?" मी त्यांना सांगितलं की टाकी द्यायची नाही. निर्णय तुमचा आहे असं मी वर लिहिलं आहे आणि ते मला मान्य आहे. फक्त तो मी कळवून टाकला.

ता. क. २. दिव्याखाली धरायला जाळी हवी होती, म्हणून मामींची शिवणाची ट्रंक उघडली. पांढऱ्या जाळीचा जुना पडदा मिळाला. (तीन थर केले. शिलाई माझी आहे, त्यामुळे सरळ पण कुरूप.) पडद्याखाली तुमच्या टाकीच्या जुन्या वह्या होत्या, मामींनी खाकी कागदाचं कव्हर घालून ठेवलेल्या. बारा वर्षांपूर्वीच्या वहीत एका पानापर्यंत रोज पस्तीस आहे आणि पुढच्या दिवशी एकदम एकतीस. त्या दिवशी तुम्ही काय लिहिलं होतं ते तुम्ही विसरला असाल, म्हणून उतरवते: "दुर्बीण पडलेली दिसते. टवका गेला आहे. ही काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. मासे तेच, पाणी तेच. स्क्रू फिरवला तर हिला कळेल की मला कळलं. आजपासून एकतीस म्हणजे पस्तीस." हे वाचून मी दुर्बीण घेतली आणि स्क्रू उलटा फिरवला, बरोबर चार अंश. ठाऊक असूनही एखादं यंत्र मुद्दाम चुकीचं लावण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. हे कामावर कोणाला सांगू नका. आता ती पुन्हा एकतीस दाखवते आणि मी वहीत एकतीसच लिहिते.

ता. क. ३. त्या वहीवर माझ्या हातून टाकीचं पाणी सांडलं. कागद भिजू नये म्हणून कव्हर काढलं. कव्हरच्या आतल्या बाजूला मामींचं अक्षर आहे. पहिली ओळ अशी: "दुर्बीण माझ्याच हातून पडली. यांना कळलंय, हे मला कळलंय. बघू या, किती दिवस गप्प बसतात ते." त्याखाली दर वर्षी त्याच तारखेला एक ओळ: "अजून नाही." अशा नऊ ओळी आहेत. पाचवीपुढे उद्गारचिन्ह आहे, सातवीपुढे "धन्य आहे!" असंही आहे. नवव्या ओळीपुढे आणखी काही लिहिलं आहे, ते मी इथे उतरवत नाही. ते तुम्हाला उद्देशून आहे, आणि माझी नजर तेवढी सोडली तर अजून कोणी वाचलेलं नाही. वही टपालाने पाठवणार नाही, टपालात वस्तू हरवतात. टाकीसमोर तुमची खुर्ची ठेवली आहे, पाठीला टेकू असलेली, स्टूल नव्हे. सकाळी दिवा साडेआठला लागतो आणि हातमोजा नऊपर्यंत उघडतो. त्याच्या आत पोचाल असं बघा.